जुना रंग खरवडण्यापूर्वी

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाचे डबे दिसू लागतात. जयंतीपूर्वी घर लख्ख व्हावे ही प्रत्येक माउलीची इच्छा असते. कारेगावात रांजणगाव एमआयडीसीतील कामगारांच्या चाळी व भाड्याच्या खोल्या पुष्कळ. दारांवर थरावर थर ऑईलपेंट चढलेला, त्याला पोपडे आलेले. मग वाटते, हे सगळे काढून दार नव्याने रंगवावे. परंतु लावताच पाच-दहा मिनिटांत रंग फुगवणारे कडक औषध पूर्वीसारखे सहज मिळत नाही, अशी तक्रार रंगारी बंधू करतात.

मिळत नाही हे बरेच झाले, असे आमचे मत आहे.

त्या औषधात मुख्यतः मिथिलीन क्लोराईड असे. ते साधारण ४० अंशांवर उकळते. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल, वाचकांनी विचार करावा! त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. माणसाला गुंगी येते. शिवाय अंगात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो, म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यावर जीव घेणारा तोच वायू. तोंडाला रुमाल बांधून किंवा साधा मास्क लावून ही वाफ अडत नाही. साध्या रबरी हातमोज्यांतूनही ते लवकरच आत उतरते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबाचा जुना रंग काढणारे किमान १३ कामगार याने दगावले. युरोपात २०११ च्या अखेरीस ते घरगुती गिऱ्हाइकांना विकणे थांबले, अमेरिकेत २०१९ साली. २०२४ मध्ये अमेरिकेने बहुतेक कारखानदारी वापरांवरही बंदीचा नियम काढला. आपल्याकडे कोणी भंगारातून किंवा कंपनीतून आलेला बिननावाचा कॅन स्वस्तात देऊ केला, तर घेऊ नये.

मग रंग काढायचा कसा? आधी हे पाहावे, की काढायची गरज आहे का. रंग घट्ट धरून असेल तर पोपड्यापुरता भाग खरवडावा, वॉटर पेपर ओला करून हलके घासावे, लांबी भरावी आणि वरून नवा हात द्यावा. निम्म्या घरांचे काम एवढ्यात भागते. चुना किंवा डिस्टेंपर असेल तर पाणी आणि पत्री पुरे.

ओले घासण्यावर आम्ही एवढा भर देतो, याला कारण आहे. जुन्या ऑईलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल व हिरव्या रंगात, शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या दारांचा भरवसा नाही. कोरडे घासले की धूळ उडते, रांगते मूल तो हात तोंडात घालते. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते, अभ्यासात मागे पाडते. शिकण्यासाठी झगडलेल्या समाजाने हे दुर्लक्षू नये. काम चालू असेतो मुले व गरोदर भगिनी शेजारी पाठवाव्यात.

खाटेसाठी किंवा गजांसाठी कॉस्टिक सोडा वापरणारे असतात. तो ऑईलपेंट सोडवतो खरा, पण कातडी आणि डोळे जाळतो. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमला लावू नये, सागवान काळे पडते. ब्लो लँपची ज्योत तर नकोच, शिशाची वाफ होते.

रंगकाम हाच धंदा असणाऱ्या बंधूंना एक सूचना. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात सुतारकामासोबतचे रंग-वॉर्निशचे काम धरलेले आहे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी करून घ्यावी. ठेकेदार करील म्हणून बसू नये.

खरवडलेले पोपडे ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावेत. आणि भगिनींनो, जुनी रंगवलेली चौकट फोडून बंबात किंवा चुलीत घालू नका. शिसे जळून नाहीसे होत नाही, ते राखेत उतरते, आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो.