वाढीची सक्ती नको: कर्जातून जन्मणाऱ्या पैशाबद्दल एक जाहीरनामा

पुण्यात किंवा ठाण्यात 50 लाखांचे घरकर्ज 9 टक्के व्याजाने, 20 वर्षांच्या मुदतीवर काढले, तर महिन्याचा हप्ता 44,986 रुपयांच्या आसपास बसतो. पहिल्या हप्त्यातले 37,500 रुपये व्याजात जातात, मुद्दलाचे फिटतात जेमतेम साडेसात हजार. वीस वर्षांत बँकेकडे जाणारी एकूण रक्कम 1 कोटी 8 लाखांच्या घरात जाते. हा हिशेब कोणालाही मोबाइलवर करता येतो आणि कर्ज काढणारे बहुतेक जण तो करतातही. पण ते 50 लाख मुळात आले कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. आमची चळवळ तिथून सुरू होते.

सर्वसाधारण समज असा की कोणीतरी ठेव ठेवली, बँकेने ती उचलून आपल्याला दिली आणि मधला फरक स्वतःकडे ठेवला. प्रत्यक्षात कर्जवाटपाच्या दिवशी बँकेच्या वहीत दोन नोंदी होतात: एकीकडे तुमच्याकडून येणे असलेले 50 लाख, दुसरीकडे बिल्डरच्या खात्यात जमा झालेले 50 लाख. कोणत्याही ठेवीदाराच्या खात्यातून त्यासाठी पैसा वजा झालेला नसतो. बिल्डरच्या खात्यातला तो पैसा त्या दिवशी जन्माला आला. हे आमचे सांगणे नव्हे. बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या त्रैमासिकात हेच स्वच्छ शब्दांत छापले. बँकांवर भांडवलाची, राखीव निधीची, रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराची वेसण असते, त्यामुळे पैसा हवा तेवढा काढता येत नाही, हेही खरे. तरी भारतातल्या एकूण पैशात नोटा-नाण्यांचा वाटा सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. बाकीचा पैसा म्हणजे बँकखात्यातले आकडे, आणि त्यांतले बहुतेक कोणाच्या तरी कर्जातून आलेले.

इथे आमच्याच बाजूच्या लोकांची एक आवडती मांडणी आम्ही जाहीरपणे बाजूला ठेवतो. ‘बँक मुद्दल निर्माण करते, व्याज निर्माण करत नाही, म्हणून सगळी कर्जे फिटणे गणितानेच अशक्य आहे’, असे व्हॉट्सॲपवर फिरत असते. ते चूक आहे. बँक व्याजातून पगार देते, भाडे भरते, लाभांश वाटते. तोच रुपया बाजारात फिरून पुन्हा कोणाचे तरी व्याज भरू शकतो. खरी गोम वेगळी आहे. कर्ज फिटते तेव्हा तेवढा पैसा नाहीसा होतो. नवी कर्जे निघण्यापेक्षा जुनी फिटण्याचा वेग वाढला, की एकूण पैसा आटतो, धंदा मंदावतो, कमाई घटते आणि मग जी कर्जे फिटली असती तीही थकतात. शिवाय बँका नफ्याचा काही भाग भांडवलात टाकतात, ठेवीदार व्याज खात्यातच ठेवतात. तेवढा पैसा परत फिरत नाही. म्हणून यंत्र चालू राहायचे तर दरवर्षी गेल्या वर्षापेक्षा जास्त कर्ज काढणारे लोक लागतात. आणि उद्या आपली कमाई आजच्यापेक्षा जास्त असेल, हा भरवसा असल्याशिवाय कोण कर्ज काढणार? वाढ हवीशी वाटणे वेगळे आणि वाढ थांबली तर डोक्यावरचे छप्पर जाईल, ही स्थिती वेगळी. आमचा विरोध या दुसऱ्या गोष्टीला आहे.

वर्षाला 7 टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत दुप्पट, आणि शंभर वर्षांत सुमारे 868 पट. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ मात्र 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटरच राहणार. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या फ्रेडरिक सॉडी यांनी 1926 मध्ये अर्थशास्त्रावर पुस्तक लिहून हेच दाखवले होते: खरी संपत्ती झिजते, कुजते, गंजते, कर्ज मात्र गणिताच्या नियमाने वाढते आणि गणिताला गंज चढत नाही. अर्थतज्ज्ञांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढले. वर्ध्याला मगनवाडीत राहून काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी तुरुंगात बसून लिहिली आणि ती 1945 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे नाव आपण जयंतीपुरते घेतो, तेही क्वचित.

‘आताची वाढ सॉफ्टवेअरमधली आहे, तिला माती-पाणी लागत नाही’, असे उत्तर येते. हिंजवडीत पगार झाला की वाकडला फ्लॅट बुक होतो. त्या फ्लॅटला वाळू लागते, सिमेंट लागते, आणि मार्चनंतर सोसायटीच्या दारात टँकर उभा राहतो.

कर्जातली वाढ काय करते, हे पाहायला परदेशात जायला नको. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे रेक्लमेशनचे शेअर समुद्र हटण्याआधीच आभाळाला भिडले आणि शेअर तारण ठेवून बँका आणखी कर्ज देऊ लागल्या. हाच पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शहरातल्या सावकारांकडे, तिथून गावच्या सावकाराकडे आणि तिथून दख्खनच्या कुणब्याकडे पोचला. कापसाखालच्या दर एकराला 100 रुपयांपर्यंत उचल मिळत होती. कोणी मागायला गेले नव्हते. सावकारच दारात येत होता. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, जुलैत मुंबईचा शेअरबाजार बसला आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. पेढ्या बुडाल्या त्याच्या कथा मुंबईच्या इतिहासात रंगवून सांगितल्या जातात. गावात काय झाले, ते त्याच कथेचे पुढचे प्रकरण आहे, पण ते कायम वेगळ्या पुस्तकात छापले जाते.

गावात उचल बंद झाली आणि वसुली सुरू झाली. त्यातच नव्या बंदोबस्तात सारा 50 ते 100 टक्क्यांनी वाढवला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे ठरवले होते; हेतू हा की व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचे. पुढे 1875 मध्ये झालेल्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून जास्त व्याज लावलेले आढळले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली आणि रोखे-वह्या जाळल्या. ते लोण नगर जिल्ह्यात पसरले. लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. सावकारांपैकी बरेच जण मारवाडी आणि गुजराती होते. त्यावरून आज कोणी जातीचे राजकारण काढू पाहील, तर त्याला आमच्याकडे जागा नाही. सावकार स्वतः मुंबईच्या पैशाच्या साखळीतली मधली कडी होता.

त्या रोख्याचा वारस आजही खेड्यात आहे. त्याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. मार्च जवळ आला की गावच्या विकास सोसायटीचा सचिव निरोप धाडतो. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरले तरच व्याजसवलत मिळते. हातात पैसा नसतो, कारण कांद्याला भाव नाही किंवा कारखान्याचे बिल आलेले नाही. मग शेतकरी कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी हातउसने घेतो, शेकडा दोन-तीन-पाच जे ठरेल त्या दराने. सकाळी कर्ज भरायचे, चार दिवसांनी नवे उचलायचे, उसनवारी फेडायची. सोसायटीच्या दप्तरी वसुली चोख आणि नवे कर्जवाटप वाढलेले. जिल्ह्याच्या पतपुरवठा आराखड्यात उद्दिष्ट पूर्ण. रानात मात्र त्या चार दिवसांत एक दाणाही उगवलेला नसतो.

2008, 2017, 2019 या तिन्ही कर्जमाफ्या आमच्यापैकी अनेकांनी अनुभवल्यात. ज्याच्या गळ्याशी आले त्याला श्वास घेता आला, हे नाकारणे निर्दयपणाचे होईल. पण माफीचा पैसा बँकेला मिळतो, थकबाकीदार पुन्हा कर्जाला पात्र होतो, आणि सरकार त्यासाठी स्वतः कर्जरोखे काढते. कर्ज एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले. म्हणून केवळ माफी मागणारी ही चळवळ नाही.

कोणी जपानकडे बोट दाखवील आणि ते दाखवायलाच हवे. तिथे 1990 नंतर वाढ रेंगाळली, तरी बँका कोसळून देश बसला नाही. खरे आहे. पण त्यासाठी व्याजदर शून्यावर आणावा लागला, 2016 ते 2024 या काळात शून्याच्याही खाली ठेवावा लागला, आणि लोकांनी कर्ज काढायचे थांबवले तेव्हा सरकारने काढले. तिथले सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे वाढीशिवाय ही व्यवस्था चालवायची तर व्याजाला कात्री लावावी लागते. जे जपानला नाइलाजाने करावे लागले, त्याचा विचार आपण आधी का करू नये?

वाढ नको, असे आम्ही म्हणत नाही. मेळघाटात, नंदुरबारमध्ये, बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या घरात वाढ व्हायलाच हवी: दवाखाने, पक्की घरे, पोटभर अन्न. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करण्याची घोषणा ऐकताना आमचा प्रश्न एवढाच असतो, की त्यातला किती हिस्सा या घरांत पोचणार आणि किती आधीच काढलेल्या कर्जांच्या हप्त्यात जाणार.

आमची पहिली मागणी दामदुपटीची. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही, हा आपल्याकडचा फार जुना कायदा. त्यात एका वेळी थकलेले व्याज मोजत, हप्त्याहप्त्याने आधीच भरलेले मोजत नसत. आम्ही तेही मोजणार. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदत कर्जावरचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असे आहेच. म्हणजे तत्त्व मान्य आहे, ते पाच एकरांच्या आत कोंडलेले आहे एवढेच. घरकर्ज, शेतीकर्ज, बचतगट आणि मायक्रोफायनान्सचे कर्ज, सगळ्यांना ते लागू करा. वर सांगितलेल्या घरकर्जाची मुदत मग आपोआप साडेसतरा वर्षांच्या आसपास येईल. बँका कर्ज कमी देतील, ही तक्रार होईल. द्यावेच कमी. तीस-तीस वर्षांची कर्जे मिळतात म्हणून फ्लॅटचे भाव तिथपर्यंत चढतात.

मायक्रोफायनान्सबद्दल एक वाक्य जास्त लिहायला हवे. 2022 च्या नियमांनी गरीब कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ता जाऊ शकतो अशी मर्यादा घातली. निम्मे उत्पन्न हप्त्यात गेल्यावर मुलांच्या ताटात काय पडते, याचा अंदाज नियम करणाऱ्यांना होता की नाही, आम्हाला माहीत नाही. आम्ही पाव हिस्सा मागतो.

दुसरी मागणी उजेडाची. घरकर्ज किती वाटले ते आकड्यांत दिसते. ते नव्या बांधकामावर गेले की उभ्या जागेचा भाव चढवण्यात, ते दिसत नाही. जिल्हा अग्रणी बँकेने दरवर्षी ही फोड जाहीर करावी. नवे काही पिकवणाऱ्या, घडवणाऱ्या कर्जाला वाट मोकळी असावी. नुसत्या जमिनीच्या खरेदी-विक्रीसाठी पैसा निर्माण करण्याचा परवाना बँकांना नसावा. नवा पैसा कशासाठी जन्मावा, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

तिसरी मागणी सगळ्यात वादाची, आमच्यातही. काही पैसा कर्जाशिवाय जन्मावा: रिझर्व्ह बँकेने तो निर्माण करावा आणि तलाव, बंधारे, शाळा यांवर तो खर्चून बाजारात यावा. 1930 च्या दशकात शिकागोचे अर्थतज्ज्ञ आणि आयर्विंग फिशर यांनी याहून पुढची मागणी केली होती, की बँकांचा पैसा निर्माण करण्याचा अधिकारच काढून घ्यावा. स्वित्झर्लंडने जून 2018 मध्ये तशाच प्रस्तावावर सार्वमत घेतले आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला. आम्ही तेवढे लांब जात नाही. आपल्याकडेही सरकार 1997 पर्यंत रिझर्व्ह बँकेकडून तुटीसाठी जवळपास आपोआप पैसा उचलत असे. ते बंद करण्याची कारणे खोटी नव्हती. पुढाऱ्याच्या हाती छापखाना दिला तर निवडणुकीच्या वर्षी काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणून या पैशाची वार्षिक कमाल मर्यादा कायद्याने ठरावी, ती ठरवणारे मंडळ सरकारबाहेरचे असावे, आणि महागाई ठरल्या पट्ट्याबाहेर गेली की तो हात आपोआप थांबावा.

चळवळीला अजून नाव नाही. बारशाची घाई नाही. काम मात्र ठरले आहे. प्रत्येक तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडायचे. ज्याला आपल्या कर्जाचा हिशेब समजून घ्यायचा आहे त्याने खातेउतारा आणावा. मुद्दल किती, आजवर व्याज किती गेले, दामदुपट कधी ओलांडली, हे मोफत काढून लेखी द्यायचे. नावे बाहेर जाणार नाहीत, आकडे जातील. ते आकडे ग्रामसभेपुढे आणि जिल्हास्तरीय बँकर्स समितीपुढे ठेवायचे. सरकारी बँकांना माहितीच्या अधिकारात दुसऱ्या मागणीतली फोड विचारायची, नकार आला तर अपील करायचे. कोणाला कर्ज बुडवायचा सल्ला द्यायचा नाही, कोणाचे कागद जाळायचे नाहीत. बँकेच्या शाखेतल्या कारकुनाशी भांडायचे नाही. त्याच्या डोक्यावर उद्दिष्टाचा कागद आहे आणि बहुधा त्याच्याही पगारातून घरकर्जाचा हप्ता जातो. तो आला तर टेबलापाशी त्यालाही खुर्ची द्यायची. बँका, वित्तसंस्था, बिल्डर आणि राजकीय पक्ष यांच्याकडून देणगी घ्यायची नाही. वर्गणी वर्षाला 100 रुपये, तीही रोख आणि पावतीवर.