‘लोक काय म्हणतील’ याच्या बाजूने

‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न म्हणजे खेड्याच्या मागासलेपणाची खूण, असं शिकलेली माणसं ठासून सांगतात. परतफेडीच्या आशेने किंवा नावासाठी केलेली मदत ही मदतच नव्हे, तो व्यवहार. खरा चांगुलपणा निरपेक्ष असतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हे उदात्त वाटतं, पण मला ते साफ नामंजूर आहे. कणकवली तालुक्यातल्या एखाद्या वाडीत ज्याने भाताची लावणी जवळून पाहिली असेल, त्यालाही ते पटू नये.

तरवा तीनेक आठवड्यांचा झाला की लावायलाच हवा. जून झाला की फुटवे कमी येतात. कुणगे एकदम तयार होतात, पाऊस कुणासाठी खोळंबत नाही आणि घरात राबणारे हात मोजके. मग आज सगळे तुमच्या शेतात, उद्या आमच्या. देशावर याला सावड म्हणतात. इथे वही नसते, तरी हिशेब चोख असतो. जोत घेऊन कोण आला, कुणाच्या घरची बाई दिवसभर वाकून लावत होती आणि धडधाकट गडी घरी ठेवून शाळकरी पोर कुणी पाठवलं, हे पुढच्या वर्षीही सगळ्यांच्या ध्यानात असतं. याला खुशाल स्वार्थ म्हणा. ज्या घरात बैल नाहीत, त्याचंही शेत याच हिशेबामुळे वेळेवर लागतं, कारण बैलांची फेड माणसांच्या कष्टाने करता येते. उपकाराच्या ओझ्याखाली वाकण्यापेक्षा फेड करून ताठ राहणं गरिबाला कधीही मानाचं.

दुसरे आक्षेपक अधिक तयारीचे. ते म्हणतात, लावणीचं ठीक. जो आला नाही त्याच्याकडे आपण जाणार नाही. पण ज्याला वगळताच येत नाही, त्याचं काय? पाऊस सरल्यावर व्हाळावर वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि माणसांच्या रांगेतून एकेक पोतं हातोहात पुढे सरकवायचं. पाणी अडलं की आसपासच्या विहिरींना आधार होतो. त्या दिवशी जो घरी लोळत पडला होता, त्याच्याही विहिरीला. मग चिखलात उतरायचं कुणी? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली याच धर्तीवर सांगितलं होतं की सामायिक कुरण शेवटी ओरबाडलंच जातं. ते राखायचं तर खासगी मालकी तरी हवी नाही तर सरकारी सक्ती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणं, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाट स्वतःच्या नियमांवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी गावं दाखवून हा निष्कर्ष खोडून काढला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला त्याहून बोलका वाटतो तो २००२ सालचा मान्फ्रेड मिलिन्स्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. लोकांना आळीपाळीने दोन खेळ दिले: एकात सामायिक गल्ल्यात पैसे टाकायचे, दुसऱ्यात एकेकट्याला मदत करायची. गल्ल्यात हात आखडता घेणाऱ्याला पुढे मदत मिळेनाशी झाली आणि त्या धाकाने गल्ला भरत राहिला. वाडीने हे कधीचंच ओळखलेलं आहे. बंधाऱ्याला तोंड चुकवणाऱ्याच्या लावणीला माणसं उशिरा पोचतात. नावाला वजन येतं ते असं, एकमेकांची गरज असते तेव्हा. पॉवर टिलर आला, मजुरीने माणसं लावणं रूढ झालं, तसा हा दुवा सैल पडला. बंधाऱ्याला माणसं कमी का येतात, याचं उत्तर लोक बिघडले यात शोधणाऱ्यांनी हे पाहावं.

तिसरा आक्षेप मात्र मला झोप लागू देत नाही. याच ‘लोक काय म्हणतील’ने माणसं वाळीत टाकली, पाणवठे तोडले. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. जनावर मेलं की ज्यांना ते ओढून न्यावं लागे, त्यांच्या कष्टाची फेड गावाच्या हिशेबात मानाने कधीच झाली नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्याचं उत्तर कणकवलीतच आहे. अप्पासाहेब पटवर्धन ब्राह्मण. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. वरच्या जातीचे म्हणून ते नाकारलं गेलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभलं. पुढे कणकवलीजवळ वागद्याच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेली जनावरं सोलण्याचं, कातडी कमावण्याचं आणि मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचं काम उभं केलं. जातीने दिलेल्या मोठेपणावर त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाणी सोडलं. त्याच माणसाला पुढे लोक ‘कोकणचे गांधी’ म्हणू लागले. म्हणजे मान कशाला द्यायचा, ही मोजपट्टी बदलता येते. ती बदलायला आधी कुणाला तरी आपलं नाव पणाला लावावं लागतं.

म्हणून ‘लोक’ मोडीत काढू नका, त्यांत सगळ्यांना घ्या. यंदा बंधाऱ्याला कोण आलं, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. वरच्या वाडीइतक्याच मोठ्याने बौद्धवाडीतली नावंही वाचा. म्हातारे, आजारी आणि मुंबईत अडकलेले चाकरमानी यांनी पोती किंवा चहा-पाण्याचा खर्च द्यावा, त्यांचीही नावं यादीत यावीत. न आलेल्याला पहिल्या वर्षी फक्त कारण विचारा. दुसऱ्या वर्षी सभेत विचारा. दंड असलाच तर एका दिवसाच्या मजुरीइतका. पाणी मात्र कुणाचंही तोडायचं नाही.