वेणी आणि प्रश्न

अत्याचार करणाऱ्या पुरुषाचा स्त्रीने स्वतःच्या हाताने निकाल लावावा, अशा आशयाच्या कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट गेली चार दशके आपल्याकडे सातत्याने निर्माण होत आहेत. त्या हिंसक आहेत, त्यांनी वाचकांची मने बिघडतील, हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप. तो मला मुळीच मान्य नाही. पहिल्या प्रकरणातील मारहाण ज्यांना पचते आणि शेवटच्या प्रकरणातील सुरी मात्र सोसत नाही, त्यांच्या अहिंसेविषयी शंका घ्यावी लागते. माझी तक्रार नेमकी उलट आहे. या कथा पुरेशा निर्दय नाहीत. एकाला मारून त्या बाकी सगळ्यांना सोडून देतात.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी 1988 हे एकच वर्ष पाहावे. त्या वर्षी ‘जख्मी औरत’ हा हिंदी चित्रपट आला. बलात्काराला बळी पडलेली एक पोलीस अधिकारी, आरोपींना मोकळे सोडणारे न्यायालय, आणि मग पीडित स्त्रियांनी एकत्र येऊन शस्त्रक्रियेच्या चाकूने केलेला न्याय. त्याच वर्षी 18 जुलैच्या रात्री चंडीगढ येथे एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी होती. तेथे पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी स्त्रीशी चारचौघांत लज्जास्पद वर्तन केले. पडद्यावर पोलिसाचा गणवेश अन्याय झालेल्या स्त्रीच्या अंगावर होता. चंडीगढमध्ये तो अन्याय करणाऱ्याच्या पदाला चिकटलेला होता.

बजाज यांनी सुरी उचलली नाही. त्यांनी तक्रार लिहिली. 1989 साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती तक्रारच रद्द केली. सामान्य समजुतीच्या माणसाने कुरकुर करू नये इतकी क्षुल्लक हानी दंडसंहितेच्या कलम 95 अन्वये गुन्हा ठरत नाही, हा त्यामागील एक आधार होता. ऑक्टोबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जानेवारी 1996 मध्ये चंडीगढच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी गिल यांना दोषी ठरवले, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम केली. तुरुंगवास मात्र टळला. एका मेजवानीतील काही क्षणांना सतरा वर्षे लागली.

सूडकथेचा लेखक म्हणेल की या घटनेत नाट्य नाही. वस्तुतः सारे नाट्य येथेच आहे. त्या रात्री तेथे राज्यकारभार चालवणारी सुशिक्षित माणसे जमली होती. गिल हे दहशतवादाशी झुंजणारे नायक म्हणून गाजत होते. अशा माणसाविरुद्ध बोलणे म्हणजे देशकार्यात विघ्न आणणे, असे मानणारा मोठा वर्ग त्या काळात होता. बजाज यांची खरी लढाई या समजुतीशी होती. एका पुरुषाच्या हाताला क्षुल्लक ठरवण्यासाठी किती प्रतिष्ठित हात पुढे येतात, हे या सतरा वर्षांनी दाखवून दिले. सूडकथेत हे हात दिसत नाहीत. तेथे एक राक्षस असतो, एक रणचंडी असते, आणि मधली सभा रिकामी असते.

सभा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. द्रौपदी म्हटले की आपल्या मनात मोकळे केस उभे राहतात आणि दुःशासनाच्या रक्ताने माखल्या हातांनी बांधलेली वेणी. ही वेणी भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाची देणगी आहे. व्यासांच्या सभापर्वात द्रौपदी प्रथम एक प्रश्न विचारते: स्वतःला आधी हरलेला पती मला पणाला लावू शकतो काय? भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेआड लपतात. विदुर आणि विकर्ण वगळता सभा गप्प बसते. भीमाची प्रतिज्ञा पुढे पूर्ण होते, दुःशासन मरतो. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानली. इरावतीबाईंविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणतो की तो प्रश्न हेच तिचे सर्वांत भेदक शस्त्र होते. वेणी एकट्या दुःशासनाला पुरी पडली; प्रश्नाने संपूर्ण सभा आरोपी केली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. बजाज या उच्चपदस्थ होत्या. त्यांना सतरा वर्षे परवडली. नागपूरच्या कस्तुरबानगरातील स्त्रियांनी काय करावे? तेथे अक्कू यादव या गुंडाची दहशत वर्षानुवर्षे चालली, तक्रारींना दाद मिळाली नाही, आणि 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावाने त्याला न्यायालयाच्या आवारातच ठार केले. त्या स्त्रियांना नीतीचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. तथापि त्या घटनेचे पुढे काय झाले ते पाहावे. गाजली ती त्या दुपारची हत्या. तक्रारींकडे पाठ फिरवणारे ठाणे, वस्तीची जात आणि गरिबी पाहून ठरणारी कायद्याची गती, यांचा हिशेब कोणी मागितला नाही. मृत माणूस साक्ष देत नाही. त्याच्याबरोबर त्याला पाठीशी घालणाऱ्यांची नावेही जळून गेली. चंडीगढची अधिकारी स्त्री आणि नागपूरची कामकरी स्त्री यांच्यासाठी एकाच कायद्याचे दार इतक्या वेगवेगळ्या मापाचे का, हा कादंबरीचा विषय आहे. सूडकथा त्याला हात लावत नाही, कारण सुरी सर्वांच्या हाती सारखीच बसते.

मराठीला दुसरी वाट अपरिचित नाही. सुरतेच्या विजयलक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचे निमित्त घेऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि अवघ्या समाजाला पिंजऱ्यात उभे केले. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाईंना फसवणारे प्रा. दामले रंगमंचावर येतच नाहीत. त्यांचा सूड घेण्याची सोयच नाटककाराने ठेवलेली नाही. समोर असतात ती हसरी, सुसंस्कृत, आपल्यासारखी माणसे. नाटक संपल्यावर प्रेक्षकाला घरी जाताना अवघडल्यासारखे होते ते यामुळे.

सूडकथा वाचून असे होत नाही. खलनायक मरतो, पुस्तक मिटते आणि आपण निर्दोष सुटतो. या वाङ्मयाचा हा खरा गुन्हा आहे. लेखकांनी क्रोध सोडावा असे मी म्हणत नाही. त्यांनी तो स्वस्तात विकू नये. मेजवानीतील तो एक हात त्यांनी अवश्य दाखवावा. त्यानंतर दिवा फिरवून उरलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर धरावा, आणि त्यांत वाचकाचा चेहरा सापडेपर्यंत तो खाली ठेवू नये.