अर्धं बंड

उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे. पैठण इथून जवळ, तेव्हा नाव कुणाचं द्यायचं हा प्रश्नच नव्हता. एकनाथ जन्मले त्याच सुमारास, 1534 ला, तिकडं जर्मनीत मार्टिन ल्यूथरचं सबंध बायबल जर्मन भाषेत छापून बाहेर आलं. तिकडं लॅटिनचं सोवळं, इकडं संस्कृतचं. दोघांनीही देवाला बाजारातल्या भाषेत बोलायला लावलं. ही तुलना आमच्या प्राध्यापक लोकांना फार आवडते. करा बापहो. पण एकनाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतनं महाराचं पोर उचललं, कडेवर घेतलं, आईकडं नेऊन दिलं असंही सांगतात. पुढं त्या पोराचं काय झालं? ते मात्र कुणी सांगत नाही.

मला त्या पोराबद्दल बोलायचंय. कारण एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उचललं गेलं. ह्या खेपेला उचलणारा गोरा होता, आणि त्याच्या काखेत ल्यूथरचं पुस्तक होतं.

आधी ल्यूथरचं बघू. 31 ऑक्टोबर 1517 ला त्यानं पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध 95 मुद्दे मांडले. मुद्द्याची गोष्ट एकच : माणूस आणि देव ह्यांच्या मधे दलाल नको. चांभार असो, शेतकरी असो, श्रद्धा ठेवणारा प्रत्येक जण पुरोहित. हे वाक्य भटशाहीच्या मुळावर घाव घालणारं होतं. जर्मन कुणब्यांनी ते खरं मानलं. मार्च 1525 ला मेमिंगेन गावात त्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. आमचा पाळक आम्ही निवडणार. ख्रिस्तानं रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलंय, मग आम्ही वेठबिगार कसे? जंगलातलं लाकूड आम्हाला का नाही? दोस्तांनो, ह्या मागण्या तुमच्याआमच्या आजोबांच्या वाटत नाहीत का?

आणि ल्यूथरनं काय केलं? सरदारांना सांगितलं, कापा ह्यांना. तशी पुस्तिकाच छापली. थॉमस म्युंट्सर हा धर्मोपदेशक कुणब्यांबरोबर उभा राहिला, त्याचं मुंडकं 27 मे 1525 ला उडवलं. मेलेल्या शेतकऱ्यांचा आकडा इतिहासकार लाखाच्या आसपास नेतात. देवाच्या दारातला दलाल हटला, शेताच्या बांधावरचा मालक तसाच राहिला. बंड अर्धं झालं आणि अर्ध्यावर टाकलं.

हेच अर्धं बंड जहाजात बसून आपल्याकडं आलं. अमेरिकन मिशनरी 1813 ला मुंबईत उतरले, 1831 ला अहमदनगरला त्यांनी ठाणं मांडलं. त्यांनी काय दिलं ते मोजून सांगायला पाहिजे, कारण कंजूषपणा आपल्याला शोभत नाही. मिस सिंथिया फरार ही बाई 1827 ला आली, नगरला मुलींना शिकवत राहिली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण तिच्याकडं घेतलं. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1842 ला नगरला ‘ज्ञानोदय’ निघाला. आणि 1855 ला त्याच ‘ज्ञानोदया’त मुक्ताबाईचा निबंध छापला गेला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मांगाची पोर मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, आणि छापतं कोण? केसरी नव्हे, तो तेव्हा जन्मायचाच होता. पण जन्मल्यावर तरी त्यानं अशी किती मुक्ताबाई छापली? मिशनच्या पत्रानं छापली. दलित साहित्य 1960 नंतर सुरू झालं म्हणणाऱ्यांनी हे साल जिभेवर गोंदून घ्यावं.

आपल्या मराठवाड्यातलंच घ्या. जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. त्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गाव वसवलं. निजामाचं राज्य, वस्ती मुख्यतः मांगांची. गावकुसाबाहेरची नव्हे बरं का, गावच आपलं! ज्या माणसानं जन्मभर गावाची वेस बाहेरून बघितली, त्याला वेशीच्या आतलं घर म्हणजे काय, हे सदाशिव पेठेत बसून कळायचं नाही. पोटासाठी बाटले म्हणतात. मग पोट काय फक्त भटालाच असतं?

पण आता त्या बंडाचा उरलेला अर्धा भाग बघा. बेथेल म्हटलं की नाव निघतं शेषाद्रींचं, 1843 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणाचं. त्या मांगांतलं एक नाव सांगा. नाही सांगता येत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास उघडा : बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. सगळी माणसं मोठी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ना तोड नाही, हे कबूल. पण देवळं कुणी भरली? नगरच्या, जालन्याच्या चर्चच्या सतरंजीवर कोण बसलं? महार आणि मांग. पुरोहित सगळेच म्हणता, आणि लेखणी, व्यासपीठ, पोथी जाते ती पुन्हा त्याच आडनावांकडं? कॅरीनं सेरामपूरला 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं, 1811 ला नवा करार. शेजारी मदतीला पंडित वैजनाथ. लोकांच्या भाषेत देव आणायला निघाले आणि भाषा विचारली पंडिताला. महारवाड्यात कोण कसं बोलतं, हे विचारायला कुणी आलं नाही.

एक रमाबाई तेवढी भांडली ह्या बाबतीत. मूळ हिब्रू-ग्रीकवरून तिनं केडगावला साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल केलं, जाणूनबुजून संस्कृत शब्द टाळून. ती 1922 ला गेली, पुस्तक 1924 ला निघालं. खिळे जुळवणाऱ्या मुक्ती मिशनच्या बाया, त्यातल्या कित्येक दुष्काळातनं वाचलेल्या. आज ते पुस्तक किती चर्चच्या व्यासपीठावर आहे?

माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात ल्यूथरच्या वाक्याचा खरा वारस चर्च नाही. तो 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात निघालेला सत्यशोधक समाज आहे. निर्मिक आणि माणूस ह्यांच्यात भट नको, लग्नात भट नको. मिशनच्या शाळेतनं जोतीबांनी ते घेतलं, बाप्तिस्मा न घेता घेतलं, आणि जिथं ल्यूथर थांबला तिथं न थांबता कुणब्याच्या शेतापर्यंत नेलं. चर्चनं काय केलं? नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांवर बिशप नव्हता, मंडळीचा कारभार मंडळीकडं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी एक झाली आणि बिशप आला. पोपची खुर्ची मोडायला निघालेल्यांच्या नातवंडांनी स्वतःसाठी खुर्च्या करून घेतल्या. चर्चच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालतात. आणि सोयरीक जुळवताना पुन्हा विचारतात, महारातले की मांगातले? प्याला एक, पण पोरगी देत नाहीत. बाबासाहेबांनी 1938 साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा दिला नाही. चर्चनं ते ऐकून घेतलं असावं, कारण ऐकून घेण्याची त्यांना सवय आहे.

आता आपल्याकडं वळतो, नाहीतर म्हणाल ह्याला फक्त दुसऱ्याचं दिसतं. आपल्या बौद्ध वस्तीत ख्रिस्ती शेजाऱ्याला अजून “बाटगा” म्हणतात. “दूध पावडरवाले” म्हणून हसतात. अरे, 1956 नंतर आपल्याला काय म्हणत होते? आपण 22 प्रतिज्ञा घेतल्या म्हणून आपल्यालाही केंद्राच्या यादीतनं काढलंच होतं ना? 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश, परिच्छेद तिसरा : हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. शीख 1956 ला आत आले. बौद्धांना 1990 उजाडावं लागलं, म्हणजे चौतीस वर्षं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितासाठी ते दार बंदच ठेवलं. रंगनाथ मिश्र आयोगानं 2007 ला हा परिच्छेद काढा म्हणून अहवाल दिला, 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग, आणि आपण 1990 नंतर आत जाऊन कडी लावून घेतली.

चर्चमधला महार गावात महारच राहतो. पाणवठ्यावर, भांडणात, शिवीत. पण 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा त्याच्या कामाचा नाही, कारण तो कागदावर ख्रिस्ती. मग तो काय करतो? घरात येशूचा फोटो आणि दाखल्यावर “हिंदू”. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी रविवारी एक नाव, सोमवारी दुसरं. ज्या धर्मसुधारणेची सुरुवात चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध झाली, तिच्या लेकराला आज जात सिद्ध करायला चिठ्ठी लागते, आणि ती मिळवायला देव लपवावा लागतो.

ख्रिस्ती दोस्ता, येत्या 31 ऑक्टोबरला तुमच्या चर्चमध्ये ल्यूथरवर प्रवचन होईल. पाळकांना सांग, त्या दिवशी मुक्ताबाईचा निबंध वाचा, तो तुमच्याच ‘ज्ञानोदया’त आहे. नाही म्हणाले तर तू उभा राहून वाच. पुरोहित सगळेच असतात ना? आणि तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धचा मोर्चा काढशील तेव्हा उस्मानपुऱ्यात निरोप दे. निळे झेंडे आम्ही घेऊन येतो.