सगळ्यात हळू चालणारा पुढे!

शनिवार-रविवारच्या गिर्यारोहण शिबिराचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "कच्च्या लोकांचं काय करायचं?" आणि दुसरा, "गोंदियात डोंगर कुठे आहेत?" मला दोन्हींचा राग येतो.

डोंगर आहेत हो! सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळ कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. आज्या चढतात, पोरं कडेवर असतात. कच्चे-पक्के अशी वर्गवारी कुणी करत नाही, कारण कुणाला कुणाच्या आधी पोचायचं नसतं.

शिबिरात मात्र तगडे पुढे पळतात, वर निवांत बसतात आणि मागचे धापा टाकत पोचले की म्हणतात, "चला, निघू या!" म्हणजे ज्याला विश्रांती हवी, त्यालाच ती नाही. मग पाय मुरगळतो तोही त्याचाच.

उपाय साधा आहे. हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी. परतायची वेळ आधी ठरवायची आणि माथा गाठला नाही तरी पाळायची. दोराचा सराव गुहेपासून लांब, कारण ते देवस्थान आहे. ज्याला झेपेल त्याने चढावं, बाकीच्यांनी जाणकाराच्या नजरेखाली खालून दोर सांभाळायला शिकावं. ते काम दुय्यम नाही. चढणाऱ्याचा जीव त्या हातात असतो.

"मग तगड्यांना मजा काय?" अहो, त्यांना वर्षाचे बाकीचे रविवार मोकळे आहेत की! शिबिर सगळ्यांचं असेल तर वेगही सगळ्यांना झेपणारा हवा. नाहीतर सरळ सांगा, आम्हाला शर्यत हवी आहे.