मगावरचे कातळशिल्प आणि त्याला चिकटवलेला अर्थ

(धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

गेल्या हिवाळ्यात एका हस्तकला प्रदर्शनात मी मातीचा एक मग विकत घेतला. चाकावर घडवलेला, चांगला भाजलेला, राखाडी झिलईचा, हाताला सुखद लागणारा. त्याच्या पोटावर दोन श्वापदे आणि त्यांच्यामध्ये उभा एक माणूस कोरलेला होता. कातळशिल्पांचे वेड असल्यामुळे तो माणूस मी तत्क्षणी ओळखला. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावरचा तो. कोकणातला एक जुना सोबती शहराच्या गर्दीत अवचित भेटावा तसा आनंद झाला. मगासोबतची चिठ्ठी घरी येऊन वाचली. ‘दहा हजार वर्षांपूर्वीचे शक्तिचिन्ह. मूलाधार चक्र जागृत करते.’ बारसूचे नाव त्या चिठ्ठीत कुठेही नव्हते.

मग उत्तम आहे. कारागिराच्या हाताविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही. तक्रार आहे ती चिठ्ठीविषयी, आणि हा सारा धागा त्या दोन ओळींसाठीच लिहितो आहे.

ज्यांनी कातळशिल्पे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे. कोकणात गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाची जी उघडी पठारे पसरलेली असतात त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात हिरवे, उरलेले आठ महिने काळे-तांबडे आणि तापलेले. या सड्यांवर, आडव्या कातळात, रेषा खोदून काढलेल्या आकृती आहेत. काही गावकऱ्यांना ठाऊक होत्या. त्यांचा पद्धतशीर शोध मात्र सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दीड दशकात सडे पायी तुडवून घेतला. आज सत्तरांहून अधिक ठिकाणी हजारावर आकृती नोंदल्या गेल्या आहेत. २०२२ मध्ये त्यांतली नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाली : रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी, आणि गोव्यातले फणसायमळ.

कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या देहाच्या आत कित्येक लहान प्राणी कोरलेले आहेत. त्याच्याशेजारी उभे राहिले तर हत्ती दिसत नाही. दिसतात त्या फक्त पायाखालच्या खाचा. त्याच्याभोवती चालत जावे लागते. उन्हे कलली की खाचांमध्ये सावली साचते आणि एकेक अवयव उमटू लागतो. कोरणाऱ्याला तरी तो एका नजरेत कधी दिसला असेल का, हा प्रश्न मला तिथे दरवेळी पडतो. तोच हत्ती बोटभर करून मगावर उतरवला की तो बघण्याची वस्तू होतो. हे रूपांतर चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण ते रूपांतर आहे, एवढे भान असावे.

आता चिठ्ठीकडे वळू.

‘दहा हजार वर्षे’ या आकड्यापासून सुरुवात करतो. उघड्या कातळातल्या खाचेचे वय थेट मोजणे अतिशय कठीण. म्हणून अभ्यासक आकृतींच्या विषयांवरून तर्क करतात. या चित्रांत गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी आहेत, शार्क आणि पाकट आहेत. नांगर नाही, शेत नाही. यावरून ही शिल्पे शेतीपूर्व शिकारी-संग्राहक माणसांची असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. तर्क सबळ आहे, पण तर्कच आहे. काही आकृती बऱ्याच नंतरच्या असू शकतात, आणि एकाच सड्यावर वेगवेगळ्या काळांतले हात राबलेले असणेही शक्य आहे.

तरीही चिठ्ठीतला आकडा घटकाभर खरा धरू. मग मूलाधार चक्राचे काय करायचे? षट्चक्रांची आज आपल्याला परिचित असलेली मांडणी तंत्रग्रंथांत आकाराला आली, ती सुमारे हजार वर्षांपूर्वी. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याने दोन वाक्यांमधले नऊ हजार वर्षांचे अंतर एका पूर्णविरामात उरकले!

त्यात एक गमतीचा भाग आहे. शिल्पे खरोखरच शेतीपूर्व काळातली असतील, तर ती कोरणाऱ्या माणसांकडे बहुधा मडकेच नव्हते. महाराष्ट्रात भांडी घडवणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या दिसू लागतात त्या सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वी, तापी-गोदावरीच्या खोऱ्यांत, सावळदा संस्कृतीबरोबर. बारसूच्या त्या माणसाने कधी मातीच्या भांड्याला ओठ लावला असेल, अशी शक्यता फार थोडी.

दोन श्वापदांमधला माणूस ही प्रतिमा मेसोपोटेमियाच्या मुद्रांवर आहे, दोन वाघांना थोपवणारी आकृती मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही आहे. साम्य मोहक आहे आणि त्यावर विद्वानांनी जरूर लिहावे. पण साम्य म्हणजे अर्थ नव्हे. ती देवता असेल, शिकारी असेल, एखाद्या कथेतला नायक असेल, किंवा दोन वाघांच्या तावडीतून सुटलेला गावातलाच कोणी असेल.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी, फणसायमळच्या कातळावर बैल आहेत, हरणे आहेत आणि एक वर्तुळाकार भूलभुलैया आहे. हा भूलभुलैया तर हस्तकलेच्या बाजारात लगेच ‘कुंडलिनी’ होतो. इथे मला ग्रीसमधल्या पायलोसची एक मातीची पाटी आठवते. इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मधली. पाटीच्या एका बाजूला राजवाड्याच्या कारकुनाने लिहिलेला शेळ्यांचा हिशेब आहे. मागे त्याने भूलभुलैया ओरखडला आहे. काल निश्चित सांगता येईल अशा भूलभुलैयांमध्ये हा अत्यंत जुन्यांपैकी एक. तो कदाचित कामाचा कंटाळा आल्यावर काढला असेल. फणसायमळचा भूलभुलैयाही तसाच होता असे मला सुचवायचे नाही. पण तो तसा नव्हता, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कुठून कळले?

यावर अपेक्षित उत्तर असे : अध्यात्माची जोड नसेल तर शहरातला ग्राहक साध्या मातीच्या भांड्याला हात लावत नाही. मला हे पटत नाही, कारण मातीच्या भांड्याला पावित्र्य उसने आणावे लागते हे गृहीतकच मुळात अज्ञानातून आले आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केले. तिथली जोर्वे संस्कृतीची भांडी देखणी आहेत : लाल अंगावर काळ्या रंगातली भौमितिक नक्षी, वाजवली तर खणखणीत आवाज. पण मला बोलायचे आहे ते तिथल्या दुसऱ्या भांड्यांविषयी. इनामगावात मूल दगावले की त्याला दोन कुंभांत ठेवत. कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून ती घराच्याच जमिनीत पुरत. हे कुंभ नक्षीची नाजूक भांडी नव्हेत. राखी रंगाचे, जाडेभरडे. ज्या जमिनीवर चूल पेटत असे, जिथे उरलेली मुले झोपत, त्याच जमिनीखाली ते दोन कुंभ असत. पुरणाऱ्यांच्या मनात काय होते ते आपण वाचू शकत नाही, पण त्या भांड्यांवर त्यांनी काय सोपवले होते ते समोर आहे. त्यासाठी भांड्यावर कोणतेही शक्तिचिन्ह काढावे लागले नाही.

आणि इनामगाव कशाला, आपल्या घरात पाहा. नवरात्रात घट बसतो तो मातीचा. संक्रांतीला सुगडे पुजतात, त्यांत ऊस, बोरे, गाजर, हरभरा भरतात. अखेरच्या वाटेवर पुढे चालतो त्याच्या हातात मडके असते, आणि चितेभोवती फिरताना तेच फुटते. या भांड्यांवर चिठ्ठी नसते. ती घडवणाऱ्या कुंभाराशी आपण संक्रांतीच्या बाजारात पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि पुढच्या आठवड्यात ‘प्राचीन ऊर्जा’ नऊशे रुपयांना घेतो. या वाक्यातला ‘आपण’ मीही आहे.

मग कारागिरांनी कातळशिल्पांना हात लावू नये का? जरूर लावावा. वारली चित्रांचे उदाहरण आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णींनी लिहिलेला चौक, त्यातली पालघट देवी, हे सारे जिव्या सोमा मशे यांच्या पिढीत कागदावर आले आणि पुढे पडद्यांपासून कपबशीपर्यंत पोचले. त्यात बरेच सवंग झाले. पण वारली समाज आहे. चौकाचा अर्थ विचारता येतो, चुकीचे लिहिले तर ‘असे नव्हे’ म्हणणारे कोणी आहे. बारसूच्या माणसाच्या बाजूने बोलणारे कोणी उरलेले नाही. म्हणूनच तिथे अर्थ लादणे अधिक सोपे आहे आणि अधिक गैर.

माझी मागणी लहान आहे. चिठ्ठीवर गावाचे नाव लिहा. ‘बारसूचा सडा, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी यावरून.’ बस्स. चक्र नको, ऊर्जा नको. गावाच्या नावावर माझा भर आहे त्याला कारण आहे. जांभा हा दगड चिऱ्यांसाठी कापला जातो. कोकणातली घरेच त्यावर उभी आहेत. सड्यावर चिरेखाण सुरू झाली, रस्ता आला, घर उठले की खाचांसकट कातळ जातो. २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून बारसूत आंदोलन पेटले, तेव्हा कातळशिल्पांचा प्रश्नही वर आला होता. ‘प्राचीन शक्तिचिन्हा’ला पत्ता नसतो, ते उद्या कातळावरून नाहीसे झाले तरी मगावर चालू राहील. सर्व्हे नंबरवर असलेले शिल्प एकदा कापले की गेले.

माझ्या मगाची ती चिठ्ठी मी काढून टाकली आहे आणि तळाशी रंगाने ‘बारसू’ लिहिले आहे. अक्षर वाकडे आले.

सडे पाहायला जाणार असाल तर पाऊस सरल्यावर, गवत वाळल्यावर जा, आणि दुपार कलल्यानंतरची वेळ धरा. उक्षीच्या हत्तीभोवती कठडा आहे. बऱ्याच ठिकाणी काहीही नाही, तेव्हा खाचांवर पाय पडणार नाही एवढे बघा. छायाचित्र उठून दिसावे म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नका. आणि परतताना वाटेत कुठे कुंभारवाडा लागला तर थांबा, एखादे मडके घ्या, भाव करू नका.