सुट्टी कोणाची, चूल कोणाची?

मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीला लागली आणि तिने आईवडिलांना चार-सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले, अशी घरे आता आपल्यातही झाली आहेत. त्यांपैकी काही भगिनी आम्हांला विचारतात, "मुले म्हणतात, सुट्टीत समुद्रकाठी जाऊ, खोली भाड्याने घेऊ आणि हाताने करून खाऊ, स्वस्त पडते. खरेच पडते काय? आणि आपण म्हाताऱ्यांनी जावे काय?" आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अशी सात दिवसांची सुट्टी तुर्कस्तानातील अलान्या या गावी काढून आलो. हिशेब पुढे सांगूच. पण तेथे आमचे मायलेकींचे जे भांडण झाले ते पैशावरून झाले नाही, चुलीवरून झाले. ते आधी डोक्यात ठेवा.

आमची लेक बर्मिंगहॅमला इस्पितळात नर्स आहे. जावई एका गोदामात पाळीवर काम करतात. तिची रात्रपाळी, त्यांची दिवसपाळी, दोघांची गाठ पडायची ती जिन्यात. मुलांच्या शाळेला सत्राच्या मध्ये आठवडाभर सुट्टी असते, त्या आठवड्यात दोघांच्याही रजा मंजूर झाल्याचे सहा दिवस आधी कळले. शाळा बुडवून जाता येत नाही. तेथे तसे केले तर नगरपालिका आईबापांना दंड करते. त्या साली तो एका मुलामागे प्रत्येक पालकाला साठ पौंड होता. म्हणजे जायचे तर सगळ्यांनी त्याच आठवड्यात, आणि विमानवाल्यांनाही ते ठाऊक!

ऐनवेळी स्वस्त मिळते ते का, हे जावयांनी आम्हांला समजावले. सहल कंपन्यांनी विमानातल्या जागा आणि खोल्या आधीच घेऊन ठेवलेल्या असतात. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. म्हणून शेवटच्या दिवसांत पडेल त्या भावाने विकतात, आपल्याकडे संध्याकाळी भाजीवाली वाटे लावते तसे. पण शाळेच्या सुट्टीत वाटे लागत नाहीत, उरलेसुरलेच तेवढे मिळते.

प्रथम स्पेनचे नाव निघाले. पण घरातल्या सहाही जणांचे पासपोर्ट भारतीय. स्पेनला वेगळा व्हिसा, त्याला अर्ज, भेटीची वेळ आणि पुढे पंधरा दिवसांची वाट. सहा दिवसांत कसे व्हायचे? तुर्कस्तानचे मात्र तेव्हा असे होते की इंग्लंडचा चालू व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असलेल्या भारतीयाला घरबसल्या संगणकावर व्हिसा मिळे. आम्हां दोघांकडे पाहुण्यांचा व्हिसा होता, तो चालला. (नियम बदलतात. जाणाऱ्याने त्या वेळचा नियम पाहूनच पैसे भरावेत.) विमान आणि खोली एकाच कंपनीकडून एकत्र घेतली, म्हणून 'एटोल' नावाचा कागद मिळाला. कंपनी बुडाली तर पैसे परत किंवा माणसे घरी, अशी त्याची हमी. २०१९ च्या सप्टेंबरात थॉमस कुक ही जुनी कंपनी बुडाली तेव्हा परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना तेथल्या सरकारने घरी आणले. तो कागद लेकीने पर्समध्ये जपून ठेवला होता.

एवढी काळजी घेऊनही फसायचे ते फसलोच. विमान अंतल्याला उतरणार हे वाचले होते, पण अलान्या तेथून सव्वाशे किलोमीटर आहे हे कोणी पाहिले नाही. अलान्याच्या पलीकडे गाझीपाशाला जवळचा विमानतळ आहे, आमचे विमान तेथले नव्हते. खोलीपर्यंत पोचवणे भाड्यात धरलेले नव्हते. रात्री अकराला दोन झोपलेली मुले, सहा पिशव्या आणि सव्वाशे किलोमीटर! जाहिरातीत 'समुद्र पाच मिनिटांवर' होते ते खरे निघाले, पण उतरताना. चढताना पंधरा. सामानाचेही पैसे वेगळे, म्हणून वीस किलोची एकच बॅग भरली होती. दोन लिटरचा कुकर हातातल्या पिशवीत. बर्मिंगहॅमच्या तपासणीत एका मुलीने तो बाहेर काढला, शिट्टी उचलून दिव्यापुढे धरली आणि हसून परत ठेवली.

खोली म्हणजे दोन लहान खोल्या, गच्ची आणि भिंतीत बसवलेले स्वयंपाकघर. विजेच्या दोन शेगड्या, त्यांपैकी एकच चाले. चार ताटल्या, तीन चमचे, माणसे सहा. काड्यापेटी, घासणी, मीठ काही नाही. फळीवर मात्र आधीच्या भाडेकरूंनी मागे ठेवलेली अर्धी तेलाची बाटली, साखरेची पुडी आणि चहाचा डबा होता. पहिल्या रात्री त्या परक्या माणसांच्या चहावर आमचे भागले.

रविवारी २९ ऑक्टोबर. त्याच दिवशी तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षे पुरी झाली होती. गावभर लाल निशाणे, दुकानादुकानांत केमाल आतातुर्कचे फोटो, संध्याकाळी बँड. मुले पोरांच्या घोळक्यात निशाणे घेऊन नाचली. या देशात बायकांना संसदेसाठी मताचा हक्क १९३४ साली मिळाला, हे लेकीने तेथेच मोबाईलवर वाचून दाखवले.

हे सगळे आम्हांला गच्चीवरून दिसले. कारण आम्ही ओट्याशी होतो. सवयीने साडेपाचला उठलो, चहा केला, पोळ्या लाटल्या, एकाच शेगडीवर आधी वरण मग भात. सगळे समुद्रावरून भुकेले आले, जेवले, पुन्हा गेले. भांडी झाली तोवर संध्याकाळच्या पिठाची वेळ. दोन इमारतींच्या फटीतून हातभर निळे पाणी दिसे. आम्हांला खरे सांगायचे तर वाईट वाटत नव्हते. लेकीला विश्रांती मिळतेय, एवढेच मनात.

सोमवारी संध्याकाळी ती ओल्या केसांनी वर आली आणि थेट परातीला हात घातला. आम्ही म्हटले, "तू बस, मी करते." ती म्हणाली, "नाही, तू बस." लाटणे इकडून तिकडे ओढले गेले. मग ती एकदम म्हणाली, "आई, तुला मी इथे आणलं ते कशाला? मला वाटतंय मी सुट्टीवर कामवाली घेऊन आले." बोलून गेली आणि रडू लागली. आम्हीही रडलो. ती कामाच्या रागाने, आम्ही त्या शब्दाने. धाकटा नातू दारात उभा. त्याने त्याच्या मोडक्या मराठीत विचारले, "आजीची सुट्टी कधी आहे?"

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या घरचे नागपूरला कापडगिरणीत होते. त्यांना वर्षाची भरपगारी रजा असे. १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. ते विधेयक मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. रजा लागली की हे घरी असत, नातेवाईक येत. आणि आम्ही? आम्ही घरी बसून विड्या वळत होतो, हजारामागे मजुरी. विडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, त्यात रजाही लिहिली होती म्हणतात. पण आमच्या मोहल्ल्यात एका बाईच्या हातावर कोणी रजेचा पगार ठेवलेला आम्ही पाहिला नाही. विड्यांना नाही तेथे चुलीला कोण देणार? इस्पितळाच्या कायद्याने लेकीला रजा दिली, पण खोलीला चूल जोडलेली होती. ती रजा त्या चुलीने परत घेतली असती, आणि घेणारे हात आमचेच होते. हे लेकीला कळले होते, आम्हांला नव्हते.

सकाळी जावयांनी बाजाराच्या पावतीमागे वार लिहिले आणि कागद फ्रिजला चिकटवला. जो रांधेल तो भांडी घासणार नाही. मंगळवारी जावई, बुधवारी आमच्या घरचे. हे म्हणाले, "मला चहापलीकडे काही येत नाही." लेक म्हणाली, "बाबा, मसूर शिजवायला नर्सिंगचा कोर्स लागत नाही." मसुराची डाळ तेथे कोठेही मिळते. तिला ते मेर्जिमेक म्हणतात, तिचे सूप तर दररोज करतात. बुधवारची खिचडी खाली लागली. वरवरची काढून खाल्ली, कोणी ब्र काढला नाही. शुक्रवारी पुन्हा यांची पाळी होती, तेव्हा लागली नाही.

पोळ्यांचा प्रश्न गल्लीतच सुटला. एक बाई पालथ्या लोखंडी तव्यावर परातीएवढ्या पातळ पोळ्या भाजत असे. नागपूरकडे आपण मडक्यावर लांब पोळी करतो, अगदी त्या जातीची. तिला युफका म्हणतात. दोन घेतल्या की सहा जणांचे एक जेवण. गव्हाची भरड बुलगुर नावाने मिळते, ती म्हणजे आपला दलिया. दही उत्तम, त्याचे ताक म्हणजे आयरान. भाषा येत नाही म्हणून भिऊ नका. साबणाला ते साबुन म्हणतात, दुकानाला द्युक्कान, बाजाराला पाझार, चहाला चाय, हवेला हवा. फक्त कोथिंबीर समजून आम्ही जी जुडी घेतली ती निघाली दुसरीच, मायदानोझ. वरणाला वेगळाच वास लागला. मुलांनी मिटक्या मारून खाल्ले, आम्हांला काही ती रुचली नाही.

मंगळवारी आमच्या हाताला काम नव्हते. हात रिकामे राहणे किती अवघड जाते! ओट्याकडे दोनदा जाऊन परत आलो. मग लेकीने हाताला धरून खाली नेले. क्लिओपात्रा नावाचा तो किनारा किल्ल्याच्या डोंगरापासून पश्चिमेकडे लांबच लांब गेलेला आहे. वाळू जाड, खड्यांची. पाणी ऑक्टोबर संपतानाही कोमट. पण चार पावलांतच खोल होते. मुलांना एकटे सोडू नये. समुद्र आम्ही पूर्वी पाहिला होता तो दादरला, ६ डिसेंबरच्या रांगेतून, डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन. तेव्हा पाय बुडवायला सवड नव्हती. येथे लुगडे गुडघ्यापर्यंत उचलून लेकीचा खांदा धरून उभे राहिलो. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही. खाली वाळू सरकत होती.

बाकीचे थोडक्यात. बंदरावरचा लाल बुरूज, किझिल कुले, १२२६ सालचा, सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादाच्या काळचा. आठ बाजूंचा आहे, खालची गोदी राखायला बांधला. किनाऱ्याच्या टोकाला दामलाताश नावाची गुहा आहे, १९४८ साली बंदरासाठी दगड काढताना सापडली. आत उबदार, दमट हवा. दम्याच्या माणसांना तेथे बरे वाटते असे सांगतात आणि बाकांवर माणसे बसलेली असतात. आमच्या घरच्यांची छाती कापसाच्या धुळीने बिघडलेली. तेही अर्धा तास बसले. बरे वाटले म्हणाले. गुण गुहेचा की बसण्याचा, कोण जाणे. पंप काही आम्ही सोडू दिला नाही.

शुक्रवारी आठवड्याचा बाजार भरतो. डाळिंबे, वांगी, भेंडी आणि केळी! केळी तेथलीच, अलान्या आणि गाझीपाशाच्या मळ्यांतली, आखूड आणि गोड. त्या देशात त्या साली भाववाढ साठ टक्क्यांवर गेली होती, पाट्यांवर जुना भाव खोडून नवा लिहिलेला दिसे. खेड्यातल्या बायका आपापला माल घेऊन जमिनीवर बसलेल्या. एकीने वांगी तोलून वर पुदिन्याची जुडी फुकट टाकली.

आता हिशेब. बाहेर सहा जणांच्या एका जेवणात आमचा दोन दिवसांचा बाजार होई, म्हणून हाताने करून खाणे स्वस्त पडले, यात शंका नाही. पण अंतल्याहून जाण्यायेण्याचे भाडे, बॅगेचे पैसे, वातानुकूलनाच्या रिमोटसाठी मागितलेले पैसे (जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता), पिण्याचे विकतचे पाणी, ही सगळी रक्कम धरली तर जावई म्हणतात, निम्मी बचत गेली. पैसे भरण्याआधी विमान कोठे उतरते आणि तेथून खोली किती लांब, एवढे तरी नकाशावर बोट ठेवून बघाच. आणि वारांचा कागद घरूनच लिहून न्या.

शनिवारी निघताना लेक खोली आवरत होती. आम्ही फळी पाहिली. साखर आणि तेल संपले होते. तेथे मीठ ठेवले, उरलेली मसूर ठेवली, हळदीची पुडी ठेवली. घरचे म्हणाले, "हळदीचं त्यांना काय कळणार?" आणि पावतीचा कागद फ्रिजवरून काढायला गेले. लेक म्हणाली, "राहू द्या बाबा."